लघवीचं ऑपरेशन झालं, तरी गळती परत सुरू झाली: आता कुठून सुरुवात करायची?

"खोकला उना की लुगडं वलं व्हई जास," यावलकडच्या एका काकूंनी दार लावून घेतल्यावर हळूच सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्यांचं 'लघवीचं ऑपरेशन' झालं होतं. दीड वर्ष बरं गेलं. मग शिंकताना, हसताना, हंडा उचलताना पुन्हा थेंब थेंब सुरू झालं. त्यावर त्यांनी पाणी पिणं निम्म्यावर आणलं, शेजारणीला लागू पडलेल्या गोळ्या आणून खाल्ल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनसाठी भिशी लावली. कुठली गळती आहे, हे मात्र तोवर कुणी तपासलंच नव्हतं.

मी बायकांच्या ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी करते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या बाया येतात आणि बहुतेकींचा क्रम असाच चुकलेला असतो. गळती परत आली म्हणजे जुनाच आजार परत आला, असं धरून चालू नका. पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासा. खालचा क्रम त्यासाठीच आहे. पूर्ण व्हायला चार-साडेचार महिने लागतात, आणि मधली पायरी गाळली की पुढच्या पायरीचा उपयोग अर्धाच होतो.

## सुरू करण्याआधी: कागद शोधा

घरातल्या पत्र्याच्या पेटीतून किंवा कपाटातल्या पिशवीतून जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर तीन गोष्टी बघायच्या. स्वतःला वाचता येत नसेल तर मुलीला, सुनेला किंवा आशाताईला विचारा.

१. ऑपरेशन नेमकं कोणतं झालं? 'लघवीचं ऑपरेशन' म्हणून सांगितलेलं पुष्कळदा गर्भपिशवी काढण्याचं किंवा बाहेर येणारं अंग आत बसवून टाके घालण्याचं निघतं. नुसत्या टाक्यांनी खोकल्यावरची गळती फार काळ थांबत नाही. अशा वेळी गळतीचं खरं ऑपरेशन अजून झालेलंच नसतं, त्यामुळे 'फेल गेलं' म्हणण्यात अर्थ नाही.

२. लघवीच्या नळीला आधार द्यायला आत पट्टी किंवा जाळी बसवली आहे का? बसवली असेल तर तिचं नाव लिहिलेलं स्टिकर बहुधा कागदावर असतं. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा.

३. ऑपरेशननंतर गळती थांबली होती का, आणि किती महिने? एकही दिवस थांबली नव्हती, काही काळ थांबून परत आली, की आधी नव्हती अशी वेगळीच गळती सुरू झाली? या तीन गोष्टींचा अर्थ डॉक्टरांसाठी वेगवेगळा असतो.

कागद हरवला असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे केस पेपरची प्रत मागा. मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

## पायरी १: गळती कोणत्या जातीची, ते ओळखा

दाबाची गळती. खोकला, शिंक, हसू, उडी, ओझं. त्याच क्षणी थेंब किंवा छोटी धार, आणि मग थांबते. आधी लघवीची घाई लागलेली नसते.

घाईची गळती. अचानक जोराची लघवी लागते, मोरीपर्यंत जाईतो सुटते. नळाचा आवाज आला, कुलूप उघडायला किल्ली काढली, की झालं. रात्रीही दोन-तीनदा उठावं लागतं.

दोन्ही मिळून. ऑपरेशननंतर परत येणाऱ्या बायकांमध्ये ही बरीच दिसते. पट्टी जास्त घट्ट बसली तर नव्यानेच घाई लागू शकते.

भरून सांडणं. लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, उरलेली लघवी थेंब थेंब सांडत राहते. धार बारीक, जोर लावावा लागतो.

> लगेच डॉक्टरांकडे जा, पुढचं वाचत बसू नका: लघवीत रक्त, लघवी अजिबात न होणं, ताप आणि कंबरेत कळा, पाय लुळे पडणं किंवा बसायच्या जागी बधिरपणा, ऑपरेशनच्या पट्टीचा भाग योनीमार्गात बोटाला टोचणं.
>
> रात्रंदिवस, झोपेतही सतत ओलं राहत असेल, आणि ते गर्भपिशवी काढल्यानंतर किंवा अडलेल्या बाळंतपणानंतर सुरू झालं असेल, तर लघवीच्या पिशवीला किंवा वरच्या नळीला छिद्र पडलेलं असू शकतं. त्याला व्यायाम नाही. त्याची तपासणी वेगळी आणि ऑपरेशनही वेगळं.

## पायरी २: तीन दिवसांची नोंद

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. पण पुढचा निम्मा निर्णय इथेच होतो.

घरातला एक जुना प्लास्टिकचा मग घ्या. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली बहुधा १०० मिलीची असते, लेबलवर बघून खात्री करा. ती पाण्याने भरून मगात ओता आणि पाणी जिथवर आलं तिथे नेलपॉलिशची रेघ मारा. परत ओता, परत रेघ. सहा रेघा झाल्या की तुमचं माप तयार. प्यायच्या पेल्यात किती मावतं तेही याच बाटलीने मोजून ठेवा.

आता तीन दिवस निवडा. एक दिवस तरी शेतातल्या किंवा कामावरच्या धबडग्याचा हवा. कानबाईच्या रोटांचे किंवा लग्नघरातले दिवस नकोत, तेव्हा खाण्यापिण्याचं सगळंच बदलतं.

लिहायचं एवढंच: किती वाजता काय प्यायलं आणि किती, किती वाजता लघवी झाली आणि मगात किती रेघा भरल्या, केव्हा गळालं आणि तेव्हा काय करत होतात. लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा: लघवीला गोल, खोकल्याच्या गळतीला फुली, घाईच्या गळतीला उभी रेघ. माझ्याकडे एका आजींनी असंच कॅलेंडरचं पान फाडून आणलं होतं, आणि कित्येक शिकलेल्या बायकांच्या वहीपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं.

नोंद कशी वाचायची? फुल्या जास्त तर दाबाची गळती, रेघा जास्त तर घाईची. एका वेळी ३०० ते ५०० मिली लघवी होत असेल तर पिशवीची धारणक्षमता ठीक. दर वेळी शंभर-दीडशेच होत असेल तर पिशवी चिडलेली आहे किंवा तुम्ही 'आत्ताच जाऊन येते' म्हणून गरज नसताना जात आहात. चोवीस तासांत तीन लिटरच्या वर लघवी होत असेल तर पाणी खूप पिताय की साखर वाढली आहे, ते बघावं लागतं.

> नेहमीची चूक: नोंदीच्या दिवसांत मुद्दाम कमी पाणी पिणं. मग नोंद खोटी होते आणि उपायही चुकीचा ठरतो.

## पायरी ३: साध्या तपासण्या आधी

लघवीची तपासणी आणि कल्चर (कोणते जंतू आहेत ते वाढवून बघणं), रक्तातली साखर, आतून तपासणी, भरल्या पिशवीने खोकून बघण्याची चाचणी, आणि लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरली ते सोनोग्राफीवर बघणं. एवढं तालुक्याच्या गावी किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

जंतुसंसर्ग असेल तर तो आधी बरा करायचा. नुसत्या संसर्गानेही गळती वाढते.

इथे आपल्याकडे एक अडचण हमखास येते. चोपड्याहून किंवा शहाद्याहून बसने यायचं, वाटेत जायला जागा नाही, म्हणून बाई सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही आणि दवाखान्यात पोचताच आधी बाथरूम गाठते. मग खोकून दाखवायला सांगितलं तर काहीच गळत नाही, आणि 'तुम्हाला तर काही नाही' ऐकून ती परत जाते. दवाखान्यात पोचल्यावर दोन-तीन पेले पाणी प्या, तासभर थांबा, नंबर लागेपर्यंत लघवीला जाऊ नका. खोकून बघण्याची चाचणी उभ्यानेही करा, असं डॉक्टरांना सांगा. झोपून गळत नाही पण उभं राहिल्यावर गळतं, असं पुष्कळींचं असतं.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. बीपीच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. प्राझोसिनने लघवीची नळी सैल पडते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या वेळ बघून घ्याव्या लागतात. कोणतीही बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना गळतीचं सांगा, ते बदलून देतात.

पुढे जाण्याआधी तपासा: संसर्ग नाही, साखर आटोक्यात, लघवीनंतर पिशवी नीट रिकामी होते. उरलेली लघवी दीडशे मिलीच्या वर असेल तर आधी तिचं कारण शोधायचं.

## पायरी ४: गळती वाढवणारी कारणं काढा

पाणी. कमी पिऊ नका. दाट लघवी पिशवीला चावते, घाई वाढते, संसर्ग होतो, बद्धकोष्ठता होते. एरवी दिवसाला दीड ते दोन लिटर पुरे, पण भुसावळ-रावेरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसकडे गेलेला असताना केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईला त्याहून बरंच जास्त लागतं. पेले मोजण्यापेक्षा लघवीचा रंग बघा: फिकट पिवळी म्हणजे बरोबर. शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर कोरडं राहणं ही मोठी अडचण आहे. चार जणींनी मिळून बांधावर जुन्या साड्यांचा आडोसा केला तरी पाणी पिता येतं. मुकादमाला हे सांगायला लाजू नका.

चहा. शेतात, घरी, पाहुण्यांकडे मिळून सहा-सात कप होतात. घाईची गळती असेल तर दोनावर आणा, आणि संध्याकाळनंतर नको.

खोकला. चुलीचा धूर, दमा, विडी. जुना खोकला तसाच ठेवून कुठलंही ऑपरेशन टिकत नाही, कारण प्रत्येक खोकल्याचा दणका थेट त्या दुरुस्तीवर बसतो.

शौच. रोज जोर लावावा लागत असेल तर आधी ते सोडवा. ताटात भाजी वाढवा, कळण्याची भाकरी चांगलीच. बसताना जोर लावून श्वास कोंडू नका.

वजन. जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरवलं तरी गळती कमी होते. ऐंशी किलोच्या बाईने चार ते आठ किलो. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग, सणाचे मांडे, दुपारची झोप, यात कुठे हात घालायचा ते तुम्हालाच ठाऊक.

## पायरी ५: व्यायाम, पण बरोबर

"व्यायाम केला, फरक नाही पडला." हे वाक्य मी रोज ऐकते. दाखवा म्हटलं की बहुतेक जणी पोट आत ओढतात, ढुंगण आवळतात, श्वास रोखतात, आणि काही तर खाली जोर लावतात. खाली जोर लावणं म्हणजे उलटा व्यायाम.

१. स्नायू शोधा. लघवी करून या. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. भरल्या मांडवात बसला आहात आणि वायू सरतो आहे, तो अडवायचा आहे, असं समजा. मागची जागा बंद करा आणि तेच आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत वर ओढा. ती जागा किंचित आत, वर गेल्यासारखी वाटली पाहिजे.

२. खात्री करा. हात स्वच्छ धुऊन एक बोट योनीमार्गात घाला आणि आवळा. बोटाभोवती पकड आली आणि बोट आत ओढल्यासारखं झालं तर बरोबर. बोट बाहेर ढकललं गेलं तर चूक. बोट नको वाटत असेल तर हातातला आरसा धरून बघा: जागा आत जायला हवी, बाहेर फुगायला नको. दुसरा हात पोटावर ठेवा, पोट मऊ राहिलं पाहिजे. मोठ्याने आकडे मोजा. आवाज थांबला म्हणजे तुम्ही श्वास कोंडलाय.

३. माप ठरवा. जितके सेकंद धरून ठेवता येईल तेवढंच तुमचं आजचं माप. तीन सेकंद तर तीन. तेवढंच सोडून विश्रांती. असं किमान आठ वेळा. मग आठ-दहा वेळा झटपट आवळ-सोड. हा झाला एक फेरा. दिवसाला तीन फेरे: उठण्याआधी अंथरुणात, दुपारी जेवणानंतर, रात्री झोपताना. दर आठवड्याला एखादा सेकंद वाढवत दहापर्यंत न्या.

४. सोडायला विसरू नका. आवळणं जेवढं, तेवढंच पूर्ण ढिलं सोडणंही महत्त्वाचं. आवळताना दुखत असेल किंवा संबंधाच्या वेळी खूप दुखत असेल, तर स्नायू आधीच आखडलेले असू शकतात. तेव्हा व्यायाम थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा, नाहीतर त्रास वाढेल.

५. जागा बदला. दोन-तीन आठवडे झोपून, मग खाटेच्या कडेला बसून, मग उभ्याने. भाकरी थापताना करण्याइतका सराव व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला शांत बसूनच करा.

६. दणक्याच्या आधी आवळा. खोकला येतोय असं वाटताच आधी आवळा, मग खोका, मग सोडा. हंडा, कापसाचं गाठोडं, नातू उचलताना: आवळा, श्वास सोडत उचला, मग ढिलं करा. व्यायामातली सगळ्यात लवकर गुण देणारी गोष्ट हीच, म्हणून पहिल्या आठवड्यापासून सराव करा.

> करू नका: लघवी करताना धार मध्येच तोडण्याचा रोजचा सराव. त्याने पिशवी पूर्ण रिकामी होण्याची सवय बिघडते.

किमान तीन महिने, कुणाच्या तरी देखरेखीखाली. चौथ्या आणि बाराव्या आठवड्यात पायरी २ ची नोंद पुन्हा करा आणि जुनीशी ताडून बघा. मनाला वाटतं त्यापेक्षा कागद खरं सांगतो. ऑपरेशननंतर परत आलेली गळती प्रत्येकीची व्यायामाने पूर्ण थांबेलच असं मी सांगणार नाही. पण पुष्कळींचं एवढं कमी होतं की दुसऱ्या ऑपरेशनचा विचार मागे पडतो.

## पायरी ६: मधल्या काळातला आधार

पाळी गेलेल्या बाईला योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने कोरडेपणा आणि घाई कमी होते; स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर लावण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग मिळते. ओला कपडा तासन् तास ठेवू नका, मांड्या सोलवटतात. जुन्या साडीच्या घड्या वापरत असाल तर धुऊन कडक उन्हात वाळवा.

गोळ्यांबद्दल एकच गैरसमज दूर करते. सोलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन, मिराबेग्रॉन या गोळ्या घाईच्या गळतीच्या. खोकल्यावरच्या गळतीत त्यांचा उपयोग होत नाही. यावलच्या काकूंनी शेजारणीच्या घेतलेल्या गोळ्या याच होत्या. तोंडाला कोरड पडली, बाकी काही नाही.

## पायरी ७: दुसऱ्या ऑपरेशनआधी

तीन महिने नीट केल्यावरही जगणं अडतंय, वणीच्या गडाला पायी जाणं सोडलंय, लग्नात मागे भिंतीशी बसताय, तर ऑपरेशनचा विचार करा. पण युरोडायनॅमिक तपासणीशिवाय दुसरं ऑपरेशन करून घेऊ नका. पिशवीत बारीक कॅथेटर घालून पाणी भरतात, आतला दाब मोजतात, खोकायला लावतात, मग लघवी करायला लावतात. लाज वाटते, थोडी जळजळ होते, पण भूल लागत नाही. यातून कळतं की नळीचं झडपच कमजोर झालंय, की पिशवी आपोआप आकुंचन पावतेय, की लघवी अडतेय. आधी पट्टी बसवली असेल तर दुर्बिणीने आत बघणंही गरजेचं: पट्टी पिशवीत किंवा नळीत घुसलेली नाही ना?

ही सोय सगळीकडे नसते. फोन करून विचारा, मगच निघा. नाशिक, मुंबई, पुण्याला जावं लागलं तर जुने कागद आणि सगळ्या वेळच्या नोंदी सोबत न्या.

## पायरी ८: पर्याय समजून घ्या

दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनचा गुण साधारणपणे पहिल्यापेक्षा कमी येतो. हे ऐकूनच होकार द्या.

कृत्रिम पट्टी पुन्हा. छोटे छेद, लवकर घरी. पण जाळी कायमची आत राहते आणि पुढे त्रास झाला तर पूर्ण काढणं अवघड असतं. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ पासून गळतीच्या अशा पट्ट्यांवर स्थगिती आली. अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये विक्री थांबवली ती योनीमार्गातून बसवायच्या, अंग बाहेर येण्यावरच्या जाळ्यांची. गळतीच्या पट्ट्या त्या आदेशात नव्हत्या. दोन्ही गोष्टी एकच समजून घाबरू नका, आणि जाळी टाकणार आहेत का, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

स्वतःच्या शरीरातली पट्टी. पोटाच्या किंवा मांडीच्या पडद्यातून काढतात. जाळी नाही, झडप कमजोर असेल तेव्हा उपयोगी. छेद मोठा, बरं व्हायला वेळ जास्त, आणि काहींना नंतर लघवी अडते.

बर्च. पोटातून किंवा दुर्बिणीतून टाके घालून नळीची मान वर टांगतात. मान खाली सरकत असेल तर.

नळीभोवती इंजेक्शन. छोटं काम. गुण कमी, पुन्हा घ्यावं लागू शकतं. वयस्क किंवा मोठी भूल न झेपणाऱ्या बाईसाठी चांगलं.

कृत्रिम झडप. फार थोड्या जणींसाठी, मोठ्या केंद्रातच.

डॉक्टरांना विचारा: माझ्या तपासणीत काय निघालं म्हणून हाच पर्याय? दुसऱ्यांदा केलेली अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? लघवी अडली तर काय कराल? अजून मूल हवं असेल तर तेही आत्ताच सांगा. बाळंतपणानंतर गळती परत येऊ शकते, म्हणून ऑपरेशन बहुधा थांबवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, पैसे भरल्यावर नाही.

## पायरी ९: तारीख आणि नंतरचे सहा आठवडे

तारीख स्वतः सुचवा. दिवाळीच्या तोंडावर, कापूस वेचणीला आलेला असताना ऑपरेशन केलं की चौथ्या आठवड्यात बाई शेतात दिसते. मी हे वर्षानुवर्षे बघते आहे. वेचणी आटोपल्यावरची तारीख घ्या, आणि घरातल्यांसमोर डॉक्टरांकडूनच वदवून घ्या: सहा आठवडे हंडा नाही, गाठोडं नाही, संबंध नाही.

घरी सोडण्याआधी लघवी मोकळी होते का आणि किती उरते, ते तपासून घ्या. घरी आल्यावर धार बारीक झाली, ताप आला, रक्त जास्त गेलं किंवा मांडीत सतत कळ राहिली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पायरी ५ चा व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिली की परत सुरू करा, पुन्हा झोपून, तीन सेकंदांपासून. आणि रेघा मारलेला तो मग फेकू नका. तिसऱ्या महिन्यात त्याच मगाने, त्याच कॅलेंडरवर पुन्हा तीन दिवस नोंद करायची आहे.